एकतीस तक्रारी

रविवार, ४ सप्टेंबर २००५

ग्रामसंघाच्या तक्रारवहीत फक्त तक्रारी लिहायच्या, हा नियम मीच केलाय. तारीख, नाव, बिघाड, उपाय. जास्तीचं एक अक्षर नाही. मग जास्तीचं जे मनात साठतं ते कुठे लिहायचं? म्हणून ही दुसरी वही काढली. साठीला टेकलेली बाई रोजनिशी लिहायला लागली तर लोक हसतील, पण दाखवणार कुणाला आहे मी.

उद्या मोठं काम आहे. गावाचं ई-टपाल जुन्या प्रोग्रॅमवरून नव्यावर न्यायचं. जुना ज्या कंपनीचा होता तिने तो बंद केला, आणि आम्हाला कळवलं आम्हीच शोधून विचारल्यावर. नव्याचं नाव लोकेरो, म्हणजे कप्पा. तांपेरे शहरातला यार्क्को नावाचा एक माणूस तो लिहितो आणि जगापुढे उघडा ठेवतो. कुणीही वाचा, बदला, फुकट वापरा. माझ्या भाषेत ही इर्जिकच झाली. शेजाऱ्याचं छप्पर घालायला सगळे जमतात तशी, फक्त शेजारी जगभर पसरलेले.

लोकेरोचं कामही मला लगेच कळलं, कारण अठ्ठावीस वर्षं मी तेच केलं. बाहेरून आलेलं टपाल ज्याच्या त्याच्या कप्प्यात ठेवायचं. कुणी मागायला आलं की विचारायचं, तू कोण, तुझा परवलीचा शब्द काय. पटलं की त्याचं त्याला द्यायचं. आमच्या हाउकिनिएमी गावची टपाल कचेरी सरकारने बंद केली तेव्हा खिडकीमागची खोली संघाने घेतली आणि त्यात हे यंत्र बसवलं. बेचाळीस घरं, एक यंत्र, एक मी. पगार नाही, पण किल्ली माझ्याकडे आहे.

सोमवार, ५ सप्टेंबर

फोन उचलून उचलून कान दुखतोय.

सकाळी जुना थांबवला, नवा चालू केला, सगळं गुळगुळीत. मी स्वतःवर खूश होऊन कॉफी ओतली. दहा मिनिटांत अर्मासचा फोन. हा आमचा संघाचा अध्यक्ष.

"हिल्क्का, मला नऊशे नवी पत्रं आलीत. मी इतका लोकप्रिय कधी झालो?"

मग फोन थांबेचना. बेचाळीसच्या बेचाळीस घरी तीच रड. दोन-तीन वर्षांतली सगळी जुनी पत्रं नवी म्हणून पुन्हा आली होती. मी कपाळावर हात मारला. सर्व्हर प्रत्येक पत्राला एक क्रमांक देतो, आणि घरचा संगणक त्या क्रमांकावरून ओळखतो की हे आपण आधी नेलंय. लोकेरोची क्रमांक द्यायची तऱ्हा वेगळी. त्याने सगळ्यांना नवे क्रमांक दिले, मग संगणकांना सगळीच पत्रं नवी.

तांपेरेला लिहिलं. चाळीस मिनिटांत यार्क्कोचं उत्तर. "जुन्या पद्धतीचे क्रमांक चालू ठेव, असं सांगणारी एक ओळ घालायची असते. चूक तुमची नाही. माझ्या माहितीपानावर ते लिहिलेलंच नाही. तुम्ही लिहून पाठवाल का?" मी चार ओळी लिहून पाठवल्या. संध्याकाळी पानावर लागल्या, खाली आभारांच्या यादीत माझं नाव. सरकारी नोकरीत अठ्ठावीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. नाव मी तीनदा वाचलं.

शेवटचा फोन साइमी आजीचा. एक्याऐंशीची आहे. मी आधीच माफी मागायला लागले.

"माफी राहू दे," ती म्हणाली. "लेम्पीची पत्रं आलीत."

लेम्पी तिची बहीण. जाऊन दोन वर्षं झाली. म्हटलं, "आजी, मी काढून टाकते हवी तर."

"काढलीस तर बघ. अठरा आहेत. मी रोज एक वाचणार आहे."

तक्रारवहीत लिहिलं: क्रमांक एक, सर्वांना जुनी पत्रं पुन्हा. आजीचं लिहायला तिथे रकाना नाही.

बुधवार, ७ सप्टेंबर

क्योस्तीचा फोन, सकाळी पावणेसातला. "टपाल येत नाही."

क्योस्ती होड्या बांधतो. खाडीच्या पलीकडे त्याचं घर आहे, सायकलने तीन किलोमीटर. शाळेत माझ्या मागच्या बाकावर बसायचा. तेव्हाही दिवसाला चार शब्द बोलायचा आणि त्यातले दोन "हं" असायचे. बायको एल्वी गेल्यापासून ते चारही बंद.

गेले. पासवर्ड टाकताना कळ मोठ्या अक्षरांवर अडकली होती. एवढंच. बोट लावलं, झालं. त्याने कॉफी दिली. पुल्लाही होता, घरी भाजलेला गोड पाव, ताजा, वेलदोड्याचा वास घरभर. वीस मिनिटं बसलो. तो म्हणाला, "वारा पडला." मी म्हटलं, "हो." परत आले.

शुक्रवार, २३ सप्टेंबर

आज पुन्हा क्योस्ती. ही अकरावी वेळ. माणसाने होडीची फळी केसभर चुकवली नाही आयुष्यात, पण संगणकापुढे बसला की पालथ्या घड्यावर पाणी. परवा म्हणे पत्र जात नाही, आज म्हणे येत नाही. मी पोचते तोवर सगळं ठीक असतं. यंत्रं मला घाबरतात की काय कोण जाणे.

एक मात्र आहे. नशीबवान माणूस. नेमका पुल्ला भाजलेला असतो त्याच दिवशी याचं टपाल बिघडतं. मी म्हटलं तसं. तो म्हणाला, "हं." आज मेजावर नवा कापडी रुमाल अंथरलेला होता. दाढीही केली होती. कुठे बाहेर जायचं असेल, मी उगीच अडकवून ठेवलं, म्हणून कॉफी घाईघाईत पिऊन निघाले. दारापर्यंत आला आणि म्हणाला, "घाई नव्हती."

यार्क्कोला विचारलं, एकाच माणसाला असा वारंवार त्रास का व्हावा? त्याने लिहिलं, "मला असा बिघाड माहीत नाही. सर्व्हरच्या नोंदी बघितल्यात का?" बघते बघते म्हणून राहूनच गेलं. बटाटे काढायचे होते.

रविवार, २ ऑक्टोबर

अर्मास घरी आला. बूट न काढता उंबऱ्यातच उभा राहिला, तेव्हाच कळलं की बातमी वाईट आहे.

शहरातल्या एका कंपनीने संघाला पत्र दिलंय. गावाचं सगळं टपाल त्यांच्याकडे द्या, ते सांभाळतील. यंत्र नको, खोली नको. सहा नोव्हेंबरला सभा.

"आणि किल्ली?" मी विचारलं.

"खोली लागणारच नाही मग, हिल्क्का."

"चालतंय ना आपलं?"

"तेच बघायचंय. तू तक्रारवही वाचून दाखव. किती बिघाड, कुणाचे. लोक ठरवतील."

याला स्वतःचा पासवर्ड लक्षात राहत नाही, दोनदा मी बदलून दिला, आणि हा माझे बिघाड मोजणार. नाचता येईना अंगण वाकडं. पण सभेत हेच बोलले तर म्हातारी चिडली म्हणतील.

एकदा ही खोली गेलेली मी पाहिलीय. त्या दिवशी शिक्के परत केले, वजनकाटा परत केला, आणि सौनाच्या वाफेच्या खोलीत जाऊन एकटीच रडले. परत तसं करायची ताकद नाही माझ्यात. इथे लिहिते, कारण दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही.

मंगळवार, ११ ऑक्टोबर

क्योस्ती. एकविसावी. स्मोक केलेले मुइक्कू मासे बांधून दिले. टपालाला काहीही झालेलं नव्हतं.

जाता जाता सभेचं सांगितलं त्याला. म्हटलं, तक्रारी वाचून दाखवायच्या आहेत. त्याने दार अर्धंच उघडून धरलं. मग म्हणाला, "सगळ्या?" म्हटलं, "सगळ्या. वगळायला मी काय अर्मास आहे?" अर्मास त्याचा आतेभाऊ, पण हसला नाही. मासे छान होते.

बुधवार, १९ ऑक्टोबर

आठ दिवस क्योस्तीचा फोन नाही. म्हटलं, शिकला एकदाचा.

शनिवार, २२ ऑक्टोबर

कसला शिकतोय. आज परत. जाऊन बघते तर माझ्याकडे बघायलाच तयार नाही. काहीतरी बोलायचं होतं असं वाटलं. दोनदा तोंड उघडलं. शेवटी म्हणाला, "खाडी लवकर गोठेल यंदा."

रविवार, ३० ऑक्टोबर

आज घड्याळं तासभर मागे घ्यायचा दिवस. टपाल कचेरीचं घड्याळ अठ्ठावीस वर्षं मीच मागे-पुढे केलं. त्यामुळे स्वयंपाकघरातलं फिरवलं, भिंतीवरचं फिरवलं आणि सवयीने यंत्रातलंही हाताने एक तास मागे घेतलं. यंत्र ते आपलं आपण करतं हे ध्यानातच आलं नाही.

आणि लोकेरो बंद पडला. का, तेही त्याने लिहून ठेवलं होतं: "वेळ मागे गेली आहे. अशाने घोटाळे होतात, म्हणून मी थांबतो." वाचून मला हसूच फुटलं. माझ्यासारखाच हेकेखोर आहे. चुकीच्या तारखेचा शिक्का मारण्यापेक्षा मीही खिडकी बंद केली असती. वेळ दुरुस्त केली, त्याला उठवलं. तक्रारवहीत क्रमांक तीस, दोष माझा.

पण ते वाक्य सापडायला मी नोंदी उघडल्या होत्या. यार्क्को म्हणाला होता त्याच. कोण कधी आलं, ओळख पटली का, किती पत्रं नेली, एवढंच त्यात असतं. पत्रात काय आहे ते ना नोंदीत दिसतं, ना मला. सहज मागे गेले.

क्योस्ती, सकाळी सहा दहा, ओळख पटली, दोन पत्रं नेली, गेला. त्याच दिवशी पावणेसातला मला फोन, टपाल येत नाही.

एक दिवस म्हटलं योगायोग. सगळे दिवस ताडून पाहिले. पंचवीस तक्रारी त्याच्या. पहिलीसुद्धा. पंचवीसही दिवस टपाल नीट नेऊन, कॉफी पिऊन, मग मला फोन.

मी खुर्चीत बसूनच राहिले. हा माणूस मला दोन महिने सायकलवर नाचवतोय. आणि का, ते आता कळलं. अर्मासचा आतेभाऊ ना. तक्रारवही भरायची, सभेत वाचून दाखवायची, आणि हिल्क्काची खोली काढून घ्यायची. चोराच्या मनात चांदणं, म्हणून तर विचारत होता, सगळ्या वाचणार का.

त्याचे मासेही मी खाल्ले.

सोमवार, ३१ ऑक्टोबर

पावणेसातला फोन वाजला. तोच.

"टपाल येत नाही."

"काय होतंय ते फोनवर सांग."

"फोनवर सांगता येत नाही."

"सहा बाराला तू तीन पत्रं नेलीस, क्योस्ती. मी नोंदी पाहिल्या. सगळ्या दिवसांच्या."

त्याच्या घरातल्या भिंतीवरचं घड्याळ ऐकू येत होतं.

"बरं," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

एवढंच. ना खुलासा, ना माफी. तक्रार मात्र मी नोंदवली. नियम म्हणजे नियम. क्रमांक एकतीस. त्याची सव्विसावी.

गुरुवार, ३ नोव्हेंबर

तीन दिवस फोन नाही. बरं झालं. सकाळी निवांत वेळ मिळतो. पावणेसातला फोनजवळ बसून स्वेटरची बाही विणली, चारदा उसवली. फोनजवळ उजेड चांगला येतो म्हणून तिथे बसते.

साइमी आजी आली होती. तिला सांगितलं सगळं. नाव घेतलं नाही, नोंदीतलं काही दाखवलं नाही, एवढंच म्हटलं की गावातला एकजण खोटं बोलून मला रोज बोलावत होता.

"आणि तू रोज जात होतीस?" आजीने विचारलं.

"कामच आहे ते माझं."

"पुल्ला असायचा का?"

"असायचा की. पण त्याचा इथे काय संबंध?"

आजी उठायला लागली. मग म्हणाली, "हुशार मुलगी होतीस तू, शाळेत." आणि कोट घालून निघाली. वय झालंय तिचं.

शनिवार, ५ नोव्हेंबर

उद्या सभा. दिवसभर एकच विचार डोक्यात.

नोंदी छापून नेल्या तर एकतीसमधल्या सव्वीस तक्रारी एका क्षणात खोट्या ठरतात. उरतात पाच. दोन महिन्यांत पाच बिघाड, त्यातले दोन अर्मासचे विसरलेले पासवर्ड. शहरातल्या कंपनीला सांगा म्हणावं हा हिशेब. खोली वाचते.

पण टपालवाली बाई, कुणाला पत्र कधी आलं आणि त्याने ते कधी नेलं, हे चारचौघांत सांगत नाही. अठ्ठावीस वर्षांत नाही सांगितलं. नवरे विचारायला आले, पोलीस पाटलासारखे शेजारी विचारायला आले, नाही सांगितलं. ज्याने माझं वाटोळं करायला घेतलंय त्याचंही नाही सांगणार. तो वाईट वागला म्हणून माझी खिडकी वाईट होत नाही.

एकतीसच्या एकतीस वाचणार. मग जे व्हायचं ते होवो.

यार्क्कोला लिहून ठेवलं की कदाचित उद्यानंतर मी लोकेरो चालवणार नाही, त्याने सगळं छान केलं, दोष त्याचा नाही. त्याने उत्तर दिलं, "तुमच्या त्या चार ओळींमुळे ब्राझीलच्या एका शाळेचं काम वाचलं. कालच त्यांचं पत्र आलं." ते वाचल्यावर मात्र रडले.

रविवार, ६ नोव्हेंबर

जसं घडलं तसं लिहिते. मधेच थांबले तर पुन्हा लिहायला जमणार नाही.

शाळेच्या दालनात सदतीस जण. मागच्या मेजावर कॉफीची मोठी किटली. अर्मासने कंपनीचं पत्र वाचलं, मग मला उभं केलं. मी वही उघडली. तारीख, नाव, बिघाड, उपाय. सातव्या-आठव्या तक्रारीपासून लोक चुळबुळायला लागले, कारण नाव तेच तेच. क्योस्ती, टपाल येत नाही. क्योस्ती, टपाल जात नाही. क्योस्ती, टपाल येत नाही. तो खिडकीजवळ बसला होता, टोपी गुडघ्यावर. मी त्याच्याकडे बघितलं नाही. एकतीसपर्यंत वाचलं आणि बसले.

"दोन महिन्यांत एकतीस," अर्मास म्हणाला. "हिल्क्काच्या मेहनतीबद्दल कुणाच्या मनात शंका नाही. पण एवढे बिघाड म्हणजे..."

"सव्वीस माझे," क्योस्ती म्हणाला.

तो उभा राहिला होता. चाळीस वर्षांत सभेत तो बोललेला कुणाला आठवत नाही. किटलीजवळची माणसंसुद्धा वळली.

"ऐकलं आम्ही," अर्मास म्हणाला. "तुलाच सगळ्यात जास्त त्रास झालाय."

"एकही झालेला नाही. माझं टपाल एकदाही अडलं नाही. खोडा त्या सव्वीस."

अर्मासने चष्मा काढला.

"अरे, मग तक्रार करायचास कशाला?"

क्योस्तीने टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. मला वाटलं आता खाली बसणार.

"बिघडल्याशिवाय ती येत नाही," तो म्हणाला.

माझे कान तापले. मी वहीकडे बघत राहिले. अक्षरं माझीच होती, पण मला एकही वाचता येईना. सव्वीस वेळा त्या मेजाशी बसले होते मी. सव्वीस वेळा तो पहाटे उठून पीठ मळत होता, आणि मी म्हणत होते, नशीबवान माणूस.

"साधं कॉफीला बोलवायचं की," अर्मास म्हणाला.

"काय म्हणून?"

अर्मासने चष्मा पुन्हा चढवला. साइमी आजी पहिल्या रांगेतून म्हणाली, "मत घ्या आता. माझी कॉफी निवतेय." हात वर झाले. सर्व्हर गावातच ठेवायचा, एकतीस. कंपनीला द्यायचा, पाच. अर्मासने कुठेच हात वर केला नाही.

सभा संपल्यावर लोक माझ्याभोवती जमले, हात मिळवले. कुणी त्या गोष्टीचा उल्लेख केला नाही, त्यांचे उपकार. गर्दी सरली तेव्हा खिडकीजवळची खुर्ची रिकामी होती. बाहेर त्याच्या सायकलच्या चाकाची रेघ बर्फावर पडली होती. तेवढीच.

किल्ली माझ्याकडे राहिली. किती आनंद व्हायला हवा होता. झालाच. पण घरी येताना मी त्याबद्दल विचार करत नव्हते.

सोमवार, ७ नोव्हेंबर

सहाला उठले. पावणेसातला फोन वाजला नाही. वाजणार नव्हताच, आता तो कुठल्या तोंडाने करणार? नोंदी बघाव्यात असं मनात आलं, आज तो आला का टपाल न्यायला. बघितल्या नाहीत.

केस विंचरले. परत विंचरले. सायकल काढली. तीन किलोमीटरमध्ये दोनदा थांबले आणि दोनदा स्वतःला शिव्या दिल्या.

दार त्याने उघडलं. दाढी वाढलेली, बाहीला लाकडाचा भुसा, मेजावर काही अंथरलेलं नाही. घरात पुल्ल्याचा वास नव्हता. मला बघून घाबरलाच.

"काही बिघडलंय?"

"नाही," मी म्हटलं. "काहीच बिघडलेलं नाही."

मी बूट काढले आणि आत गेले.